बाहेरचा आवाज

साळोण्यात कुणाला घर रंगवायचं असलं की तो आधी रुझार क्रास्तकडे जातो आणि मग आठवडाभर पस्तावतो. कामात खोट नसते. रुझार शिंपल्यांचा चुना स्वतः भिजत घालतो, चांगला मुरू देतो, आणि त्याचा कुंचा फिरलेली भिंत तीन पावसाळे सहज काढते. पस्तावा होतो तो त्याच्या तोंडामुळे. भिंत खरवडता खरवडता तो घरमालकाच्या तीन पिढ्यांचा उद्धार करतो. "हिला रंग कशाला पाहिजे? हिला मालक पाहिजे," असं तो माझ्या ओसरीबद्दल माझ्यासमोर म्हणालेला आहे, आणि आतून माझी बायको पिएदाद "अगदी बरोबर!" म्हणून ओरडली होती.

शिवाय तो शिडीवर गातो. मांडो गातो, तियात्रातली म्हणजे आमच्या कोंकणी नाटकांतली जुनी गाणी गातो, आणि मध्येच आपल्याच नादात लॅटिन सुरू करतो. लॅटिनचा अर्थ त्याला कळत नाही. मलाही कळत नाही, पण मी ते चारचौघांत कबूल करत नाही.

मी कुस्तोद. पोस्टातून निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली. गावच्या इगर्जीत, चर्चमध्ये, रबेकांव वाजवतो, म्हणजे ते माणसाएवढं उंच, उभं धरून वाजवायचं व्हायोलिन. माझे वडीलही हेच वाद्य वाजवायचे. आम्ही साळोण्याचे गावकर, म्हणजे गावच्या मूळ जमीनवाल्या घराण्यांतले. हे मिरवायला सांगत नाही. पुढे त्याचा संबंध येणार आहे, आणि तेव्हा कळेल की त्यात मिरवण्यासारखं फार काही नाही.

आमच्या लहानपणी गुड फ्रायडेच्या सायंकाळी इगर्जीत उतरवणी व्हायची. क्रुसावरच्या ख्रिस्ताच्या मूर्तीच्या खांद्यांना चामड्याचे सांधे होते. कोंफ्रारीचे, म्हणजे इगर्जीच्या मंडळाचे, लोक लाल ओपा, तो सणावाराचा झगा, घालून शिड्यांवर चढत, एकेक खिळा काढत, आणि हात सुटून असे खाली पडत की पुढच्या बाकावरची एखादी बाई दरवर्षी किंकाळी फोडायचीच. मग मूर्ती पांढऱ्या चादरीत घेऊन खाली आणत. त्या दिवशी घंटा वाजत नाही, नुसती लाकडी मात्राक खडखडते. ती थांबली की मेस्त लियांद्रचा मोतेत, म्हणजे त्या दिवसाचं भक्तिगीत, सुरू व्हायचा. मेस्त लियांद्र म्हणजे आमच्या इगर्जीच्या शाळेचा शंभर वर्षांपूर्वीचा मास्तर. त्यानं तो फक्त आमच्या गावासाठी रचला होता. त्यात क्रुसाखाली उभी असलेली आई मुलाला विचारते आणि मुलगा उत्तर देतो.

आईचा आवाज आतून यायचा, वाद्यांजवळून. मुलाचं उत्तर यायचं बाहेरून. मोठा दरवाजा लावून घेत, आडसर घालत, आणि बाहेर व्हरांड्यात चार जण उभे असत. रुझारचा आजा पेद्रू, त्याचे दोन मुलगे म्हणजे रुझारचा बाप आणि काका, आणि सात वर्षांचा झाल्यापासून रुझार. जाड सागवानी दारातून तो आवाज यायचा तेव्हा जमिनीखालून कुणी बोलतंय असं वाटायचं. माझ्या अंगावर काटा यायचा. आजही आठवलं तरी येतो.

ते बाहेर का उभे राहत हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि सांगायची गरजही नव्हती. वाद्यांजवळ उभं राहायचं तर अंगावर लाल ओपा पाहिजे, आणि ओपा असायचा फक्त गावकरांच्या पेटीत. क्रास्त मंडळी गवंडी, चुनेवाले. मिसेला, रविवारच्या प्रार्थनेला, येत तेव्हा मागे उभे राहत. आमच्या पूर्वजांच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी पडलं त्याला चारशे वर्षं झाली, पण जात काही त्या पाण्यानं धुऊन गेली नाही. गावातले सगळ्यांत चांगले गळे मात्र क्रास्तांच्या वाड्यावर. मेस्त लियांद्रला ते हवे होते आणि आत घेता येत नव्हते. म्हणून त्यानं गाणंच असं बांधलं की उत्तर बाहेरून यावं. हे पेद्रूनं रुझारला सांगितलेलं. कुठल्या कागदावर ते नाही.

मग रोमहून हुकूम आला, लॅटिन गेलं आणि मीस कोंकणीत सुरू झाली. त्या वेळच्या पाद्रींनी मूर्ती गोणपाटात गुंडाळून कोठीच्या खोलीत ठेवली आणि उतरवणी बंद केली. अडुसष्ट सालची गोष्ट. माझे वडील तर घरात मयत झाल्यासारखे बसले होते. रुझार तेव्हा चौदा वर्षांचा होता. तो मला नेहमी ऐकवतो, "तुमचं लॅटिन मेलं तेव्हा आम्ही आत आलो." कारण कोंकणी गाणी बाकावर बसून सगळ्यांनीच म्हणायची होती, ओपा लागत नव्हता. तेव्हापासून पंचावन्न वर्षं तो डावीकडच्या तिसऱ्या बाकावरून गातोय, आणि इतक्या मोठ्यानं की गायकवृंद त्याच्या मागे मागे धावतो.

दोन वर्षांपूर्वी गावकरांतल्या कुलासोंच्या मोठ्या घरातला एवारिस्त लिस्बनहून परत आला. चाळिशीचा, दाढीवाला, संगीत शिकून आलेला. पोरगा स्वभावानं गोड. घरात एसी असूनही ओसरीवर बसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारायचा. इगर्जीची मोठी पेटी उपसताना त्याला मेस्त लियांद्रचा कागद सापडला. कडा वाळवीनं खाल्लेल्या, पण आईचा आवाज पुरा लिहिलेला, व्हायोलिनचा, रबेकांवचा भाग पुरा. तो कागद छातीशी धरून तो फादर सिप्रियानकडे पळाला.

फादर सिप्रियान त्याच्याहून पाच वर्षांनी लहान. गिटारीवरच्या मिसेत वाढलेले, पण जुन्याचा भारी ओढा. "आमच्या गुरूंनी लॅटिन विसरण्यात जन्म घालवला," ते म्हणायचे, "आणि आता आम्ही ते शिकायला त्यांच्याच मागे लागलोय. ते आम्हाला वेडे म्हणतात." लगेच सभा भरली. मूर्ती गोणपाटातून बाहेर आली. एका खांद्याचं चामडं उंदरांनी खाल्लं होतं, ते मडगावच्या चांभाराकडून नवं करून आणायचं ठरलं. सभेत एकच वाक्य दहादा फिरत होतं, सगळं पूर्वीसारखं झालं पाहिजे. मीही मान हलवली.

अडचण एकच होती. मुलाचा आवाज कागदावर नव्हता. त्या जागी फक्त लिहिलं होतं, उत्तर बाहेरून, दार लावून. बाहेरच्यांना कागद कोण देणार? ते ऐकून शिकले होते.

"रुझारला येतं," मी म्हणालो.

मी आणि एवारिस्त त्याच्याकडे गेलो तेव्हा तो अंगणात बसून पेज जेवत होता, तोंडी लावायला खारातला आंबा. हुर्राकाचा, काजूच्या कोवळ्या दारूचा, हंगाम आणि उपासाचा काळ देवानं एकाच महिन्यात घालून दिलाय. तेव्हा बाटली समोर होती, बूच मात्र लावलेलं. "ईस्टरपर्यंत नुसती बघतो," तो म्हणाला. "बघण्याला पाप नाही ना, पोस्तमास्तर?"

एवारिस्तनं काम सांगितलं. रुझारनं हात धुतले, तोंड पुसलं आणि बसल्या जागी मुलाचं उत्तर पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. एकदाही अडला नाही. एवारिस्त मोबाईलवर ते घेत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"तियू, हे तुम्ही इतकी वर्षं डोक्यात ठेवलंत?" त्यानं विचारलं. आमच्याकडे काकाला तियू म्हणतात.

"जागा होती. शाळेनं फारसं काही भरलं नव्हतं."

"काय कल्पना आहे बघा! मुलगा मेलाय. आई अलीकडे, तो पलीकडे, मध्ये बंद दार. लिस्बनमध्येसुद्धा मी असं काही ऐकलं नाही. हा मेस्त लियांद्र मोठा कलावंत होता, तियू." एवारिस्त उठून उभा राहिला, हातानं हवेत दार दाखवू लागला. "तुम्ही व्हरांड्यात उभं राहायचं. पूर्वी राहत होता अगदी तिथेच. आम्ही आतून दार लावू. सगळं पूर्वीसारखं!"

"सगळं?" रुझारनं विचारलं.

"सगळं."

"असं." रुझारनं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्या कुत्र्याकडे बघू लागलो.

दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला, जमणार नाही. एवारिस्त माझ्याकडे धावत आला, बिचाऱ्याचा चेहरा एवढासा झालेला. "मी काय चुकलो? पैसे विचारायला हवे होते का?" तेव्हा मी त्याला सांगितलं. ओपा, गावकर, मागे उभं राहणं, सगळं. सांगताना माझ्या लक्षात आलं की हे शब्द मी आयुष्यात पहिल्यांदाच मोठ्यानं बोलतोय.

"मला घरी कुणी सांगितलं नाही," तो म्हणाला.

"सांगण्यासारखं असतं तर सांगितलं असतं."

तो गेला आणि पिएदाद स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिच्या हातात नारळ किसायची आदोळी होती, त्यामुळे मी खुर्ची जरा मागे सरकवली.

"त्या पोराला माहीत नव्हतं. तुला माहीत होतं ना? सभेत होतास, रुझारकडेही होतास. तेव्हा काय मिठाची गुळणी धरली होतीस?"

"माझ्या लक्षात आलं नाही गं."

"तुझ्या लक्षात येतं सगळं. बोलायची वेळ आली की तुझी दातखीळ बसते. तुझा बापही असाच होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रुझारला शोधत गेलो. तो दफनभूमीची भिंत रंगवत होता, शिडीवर, डोक्याला रुमाल बांधून. मी खाली उभा राहिलो. त्यानं बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

"रुझार, माझं चुकलं. मी तिथेच बोलायला हवं होतं."

"बाजूला हो. शिंतोडे उडतील."

मी तिथून हललो नाही. उडाले शिंतोडे. थोड्या वेळानं तो खाली उतरला, भिंतीच्या सावलीत बसला आणि विडी पेटवली.

"सगळं पूर्वीसारखं म्हणतात," तो म्हणाला. "म्हणा. तुमचं पूर्वीचं चांगलंच होतं. पूर्वी माझा आजा तुझ्या बापाला 'बाब', म्हणजे साहेब, म्हणायचा, आजा त्याच्याहून वीस वर्षांनी मोठा असून. तेही आणणार परत?"

"एवारिस्तला खरंच ठाऊक नव्हतं."

"म्हणून तर राग आला. ठाऊक असून म्हणाला असता तर शिव्या दिल्या असत्या आणि मोकळा झालो असतो. त्यानं आमच्या बाहेर उभं राहण्यालाच कला म्हटलं. वर रडलासुद्धा."

मला हसू आलं, त्यालाही आलं. मग त्यानं विडी दगडावर विझवली.

"तुला खरं सांगू, कुस्तोद? मला ते एकदा आत म्हणायचं आहे. आईचा आवाज. क्रुसाखाली उभं राहून. माझ्या आजानं चाळीस वर्षं, बापानं बावीस वर्षं त्या मुलाच्या नावानं उत्तर दिलं, पण त्याला खाली कसं उतरवतात ते दोघांनीही बघितलं नाही. दार लावलेलं. दोघे तसेच मेले. मी एकोणसत्तरचा झालो. गळा अजून आहे, पुढच्या वर्षी असेलच असं नाही."

"आईचं तुला येतं?"

"दारापलीकडून तेच तर ऐकत होतो."

"मग बाहेर कोण?"

रुझारनं अंगठ्यानं मोठ्या घराकडे खूण केली. "कुलासोंचा नातू. त्याला कल्पना आवडलीय ना? उभा राहू दे."

मी ते फादर सिप्रियानच्या कानावर घातलं आणि त्यांनी पुन्हा सभा बोलावली. कोंफ्रारीचे अध्यक्ष लिगोर बाब लालबुंद झाले. "आज कुलासोला बाहेर काढतो, उद्या म्हणेल फादरलाच बाहेर उभा करा."

"राहीन की," फादर म्हणाले. "एप्रिलमध्ये आत शिजण्यापेक्षा बरं. वारा तरी लागेल."

"आणि हा ओपा घालणार?"

आता नियमानं कोंफ्रारी सगळ्यांना खुली आहे. बिशपांनी तसं पत्र काढूनही जमाना झाला. आमच्या गावात ते पत्र फळ्यावर लागलं, पिवळं पडलं आणि पडून गेलं, एवढंच. फादरनी तेच सांगितलं, आणि रुझारला विचारलं, घालणार का? रुझार म्हणाला, "नको. लाल कपड्यावर चुन्याचे डाग दिसतात. मी पांढऱ्या शर्टात येईन." त्यामुळे लिगोर बाबांना भांडायला काही उरलं नाही आणि ते आणखीच चिडले.

एवारिस्तनं मात्र ऐकल्याबरोबर होकार दिला. "बरोबर आहे. असंच झालं पाहिजे," म्हणाला. हे कळल्यावर रुझार वैतागला. "भांडत पण नाही हा! अशा माणसाशी वैर तरी कसं करायचं?"

तीन आठवडे तालीम चालली. मी रबेकांव घेऊन, दोन व्हायोलिनवाले, एक क्लॅरिनेटवाला, रुझार आमच्याजवळ आणि एवारिस्त व्हरांड्यात. रुझारनं त्याला असा पिळून काढला की लिस्बनच्या प्रोफेसरांनी काढला नसेल. "तू कागद वाचतोस. आई आता रडून थांबलीय, ते ऐक. ती दम घेते तेव्हा तू निघायचं. आधी निघालास तर आगाऊपणा, नंतर निघालास तर मेलेलाच राहिलास." एवारिस्त निमूटपणे पुन्हा म्हणायचा. दहाव्या बाराव्या दिवशी त्याचं उत्तर इतकं सुरेख आलं की रुझार काहीच बोलला नाही, आणि त्याच्याकडून याहून मोठी शाबासकी कुणाला मिळत नाही. जाताना एवारिस्त त्याला स्कूटरवरून घरी सोडू लागला. मला वाटलं, झालं, राग गेला.

शेवटच्या दिवशी मी म्हणालो, "एकदा दार लावून बघूया का? तालीम सगळी उघड्या दारानंच झाली."

"कशाला?" रुझार म्हणाला. "उकाडा बघ."

उकाडा होताच. मी रबेकांव गवसणीत घातलं आणि घरी गेलो.

गुड फ्रायडेला चार वाजल्यापासून लोक यायला लागले. बाणावलीहून, कुडतरीहून, मुंबईहून सुट्टीवर आलेले, मोबाईल वर धरलेले. पंचावन्न वर्षांनी मूर्ती उतरणार म्हणून बाहेर कुणी थांबायला तयार नव्हतं, सगळे आत घुसले. रुझार कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात माझ्या डाव्या हाताला उभा होता. दाढी इतकी घोटून केलेली की हनुवटीला दोन ठिकाणी कापलं होतं. मी विचारलं, "घाबरलास?" तो म्हणाला, "तू आपल्या तारा बघ."

उपदेश संपला. शिड्या लागल्या. पहिला खिळा निघाला, हात सुटून पडला, आणि पुढच्या बाकावर एक बाई ओरडली. मी रुझारकडे बघितलं. त्याचं तोंड किंचित उघडं होतं. दुसरा हात, मग पाय, मग चादरीत घेतलेलं ते अंग हळूहळू खाली. तो सगळं बघत होता, पापणी न लववता, आणि त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, ते पुसायचंही त्याला सुचलं नाही. मूर्ती आमच्यापासून चार हातांवर ठेवली. मात्राक खडखडून थांबली. मागे कुणीतरी मोठा दरवाजा लावला आणि आडसर घातला.

मी सूर धरला, व्हायोलिनं आली, आणि रुझारनं आईचा आवाज लावला. म्हातारा झालेला आवाज, पण कुठे खोटा नव्हता. इतकी वर्षं मी तो चुन्याच्या बादलीपाशी ऐकत आलो होतो. त्या सायंकाळी मला वाटलं की याला आम्ही बादलीपाशी का ऐकत आलो? आईनं विचारलं, रडून थांबली, तिनं दम घेतला.

उत्तर आलं नाही.

मी गज संपेपर्यंत सूर ओढला, गज उलटा फिरवला, पुन्हा ओढला. कुणी खोकलं. लिगोर बाब पुटपुटले, "सायबा, भोगस," म्हणजे देवा, क्षमा कर. रुझार बंद दाराकडे बघत होता आणि त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. मी त्याला लहानपणापासून ओळखतो. ते हसू होतं. तेव्हा मला त्या शेवटच्या तालमीतला उकाडा कळला. बंद दारातून आतलं बाहेर ऐकू जात नाही, हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

त्यानं आईचा प्रश्न पुन्हा म्हटला, आणखी मोठ्यानं. पुन्हा काही नाही. आता लोक माना वळवून दाराकडे बघू लागले, पोरं कुजबुजू लागली. उद्या गावभर हेच होणार होतं, लिस्बनचा शिकलेला कुलासो बाहेर मुका उभा राहिला. रुझारनं चादरीवरच्या मूर्तीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. त्याचं हसू कधी गेलं ते मला दिसलं नाही. मग तो जागा सोडून निघाला.

अख्खी इगर्ज ओलांडून तो चालत गेला. उजवा गुडघा धरतो त्याचा, त्यामुळे एक पाऊल मोठं वाजत होतं, एक लहान. लोक बाजूला होत गेले. त्यानं आडसर उचलला आणि दार ओढलं. बाहेर अजून ऊन होतं. एवारिस्त दाराला कान आणि दोन्ही तळहात लावून उभा होता, दार सरकलं तसा तोल जाऊन जवळजवळ आत पडला. घामानं शर्ट अंगाला चिकटलेला, हातातल्या कागदाचा चोळामोळा.

"तियू, आतलं काहीच ऐकू येत नाही," तो म्हणाला. "माझी वेळ चुकली का?"

"असं उभं राहून ऐकू येत नाही," रुझार म्हणाला. आवाज हळू होता, पण त्या शांततेत मी अगदी पुढे होतो तिथपर्यंत आला. "जमिनीवर आडवं पडायचं. उंबऱ्याखाली फट आहे, तिला कान लावायचा. मी पडत होतो. वेळ झाली की बापाच्या पावलावर हात मारायचो, मग ते गात. हे मी तुला शिकवलं नाही."

माझे वडील रबेकांव धरून याच जागी उभे राहायचे, अंगावर लाल ओपा घालून. दाराबाहेर एक पोर जमिनीला कान लावून पडलेलं असतं हे त्यांना माहीत होतं की नव्हतं, मला ठाऊक नाही. माहीत होतं असं कळलं तर मला लाज वाटेल, नव्हतं असं कळलं तरी वाटेल.

एवारिस्तनं खाली उंबऱ्याकडे बघितलं. मग त्यानं कागद खिशात घातला, एक गुडघा टेकला, दुसरा टेकला आणि व्हरांड्याच्या लादीवर तो खरंच आडवा व्हायला लागला. त्याची आई बाकावरून अर्धवट उठली. रुझारनं वाकून त्याला दंडाला धरला.

"ऊठ रे. कपडे घाण होतील. ये आत."

"पण तियू, दार? लियांद्रनं लिहिलंय…"

"लियांद्रला मी वर गेल्यावर सांगेन."

तो त्याला दंडाला धरूनच घेऊन आला. दार कुणी लावलं नाही. लिगोर बाबांनी अंगावरचा ओपा जरा आवरून घेतला आणि दोघांना वाट दिली. रुझारनं एवारिस्तला आपल्या शेजारी उभं केलं आणि मला म्हणाला, "चल, धर सूर." मी धरला. आईनं तिसऱ्यांदा विचारलं, तिनं दम घेतला, आणि तिच्या अगदी खांद्याजवळ उभ्या असलेल्या मुलानं उत्तर दिलं.